पाच वाजता असते

सुट्टी लागली त्या दिवशी थोरलीने दप्तर पलंगाखाली ढकललं, धाकटा त्या दप्तरावर बसून घोडा घोडा करू लागला, आणि त्यांची आई भिंतीशी जाऊन उभी राहिली. बेचाळीस दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिने बोटाने मोजले, मग उलटीकडून मोजले. उलटीकडूनही बेचाळीसच भरले.

घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, डोक्यावर पत्रा. दहा वाजले की पत्रा तापायचा आणि दुपारपर्यंत खोलीत माणूस पापडासारखा वाळायचा. नवरा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी, वर्षातून दोनदा घरी येणारा. आला की आठ दिवस मुलांना खांद्यावरून खाली उतरवायचा नाही आणि गेला की खांदे घेऊन जायचा. एरवी शाळा सुटल्यावर मुलं खालच्या मजल्यावरच्या आजींकडे बसत. पण आजी सुट्टीभर लेकीकडे गेल्या होत्या, लेक बाळंत व्हायची होती. त्यांना कोण काय म्हणणार.

थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाचाचा. थोरलीच्या पायाला भिंगरी होती, धाकटा स्वतःच भिंगरी होता. त्याला सगळे भुंगा म्हणत, कारण तो सारखा गुणगुणायचा. जेवताना, नाक शिंकरताना, झोप लागेस्तोवर. शब्द नाहीत, चाल नाही, नुसती भुणभुण. ती थांबली की समजावं, काहीतरी फुटलंय किंवा आता फुटणार आहे.

आई शहरातल्या जुन्या संग्रहालयात कामाला होती. काम सांगायला सोपं. नक्षीच्या भांड्यांच्या दालनात खुर्चीवर बसायचं आणि कोणी कशाला हात लावत नाही ना, ते बघायचं. करायला मात्र ते अवघड होतं, कारण दिवसभर बघत राहायचं आणि दिवसभर काहीच घडू द्यायचं नाही. तिथे लागून सहा महिने झाले होते. अजून तात्पुरती होती. अशा तात्पुरत्या पाच जणी. त्यातल्या तिघींना या उन्हाळ्यात कायम करणार होते. कायम झाली की कामगारांच्या वसाहतीत तळमजल्यावरची खोली मिळणार होती, वर पत्रा नाही, दाराशी अंगण, अंगणात एक नळ. ती जागा तिने एकदा बाहेरून पाहून ठेवली होती. तेव्हापासून रात्रंदिवस तो नळ तिच्या मनात ठिबकत होता.

संग्रहालयाचे नियम दोन. बदलीचं माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. आणि कामाच्या वेळात घरचं माणूस इमारतीत आणायचं नाही. दुसरा नियम तसा अलीकडचा. कोणाच्या तरी मुलाने पेंढा भरलेल्या घुबडावर बसून बघितलं होतं, तेव्हापासूनचा.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी तिने मुलांना घरात ठेवून बाहेरून कडी लावली. त्यांनी नळ सोडून खोलीत समुद्र केला. समुद्र तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या अंथरुणावर उतरला. दुसऱ्या दिवशी वाचनालयात बसवलं. तिथल्या बाई भल्या होत्या, पण दोन तासांनी भुणभुण त्यांच्या डोक्यात गेली आणि त्यांनी दोघांना फार प्रेमाने दाराबाहेर नेऊन सोडलं. तिसऱ्या दिवशी बागेत. ऊन असं की कारंज्याचं पाणीसुद्धा वर जायला कंटाळत होतं. संध्याकाळी आई पोचली तेव्हा थोरलीच्या नाकातून रक्त येत होतं, आणि भुंगा तिच्या डोक्यावर बुटातून पाणी आणून ओतत होता.

त्या रात्री तिला झोप नाही. या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटे पहाटे तिला दिसलं की शहरात थंड जागा एकच आहे. हातभर जाडीच्या भिंती, उंच छत, बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट. आणि ती स्वतः दिवसभर तिथेच बसलेली असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती मनाशी म्हणाली, आणि उठून डबा भरायला लागली.

मुलांना तिने खेळ म्हणूनच सांगितला. अनोळखीचा खेळ. सकाळी वाचनालय, पण दोनच तास. मग बागेत कारंज्याजवळ, दाट झाडाखाली, डबा. एकच्या आधी संग्रहालयाच्या पायऱ्यांवर. लहान मुलांना मोठ्या माणसाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून कोणातरी कुटुंबाच्या मागे चिकटून आत शिरायचं, आणि आत गेलं की सुटायचं. तिकिटवाला डोकी मोजतो, चेहरे मोजत नाही. आत ठरल्या वेळी ठरलेलं दालन. पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात लावायचा नाही. आणि पाच वाजेपर्यंत आई म्हणायचं नाही. आई दिसली तरी ती आई नाही, खुर्चीवर बसलेली एक बाई आहे.

भुंग्याला हे लक्षात राहावं म्हणून तिने गाणं रचलं. तिच्या आईला कशाचंही गाणं रचायची सवय होती, दूध उतू गेलं तरी दोन ओळी व्हायच्या; ती सवय हिच्याही जिभेवर उतरली होती.

एकला मासा, दोनला पक्षी,
तीनला दगड, चारला नक्षी,
पाचला घंटा, बाहेरची वाट,
वाटेवर आई, आईचा हात.

मासा म्हणजे छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा. पक्षी पेंढ्याचे. दगड म्हणजे खनिजांचं अंधारं दालन, त्यात जांभळे, हिरवे खडे दिव्याखाली ठेवलेले. आणि नक्षी म्हणजे तिचं दालन. दिवसातला शेवटचा तास तिने मुद्दाम आपल्याकडे ठेवला होता, पोळीचा मऊ तुकडा शेवटी खायला ठेवावा तसा.

आणखी एक खूण होती. मुलं तिच्या दालनात आली की ती खुर्चीच्या हातावर बोटाने दोनदा टकटक करायची. कोणाला कळायचं नाही. त्याचा अर्थ, मी बघतेय.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दालन रिकामं होतं, भुंगा एका निळ्या सुरईसमोर एकटाच उभा होता, मानेवर घामाने केस चिकटलेले, आणि तिला राहवलं नाही. ती हळूच म्हणाली, भुंग्या. तो वळला आणि आई म्हणून धावत तिच्या मांडीवर आदळला. त्याच वेळी बाहेरून किल्ल्या वाजल्या. संग्रहालयाचे मुख्य राखणदार कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरायचे. मुलांनी त्यांचं नाव छुमछुमकाका ठेवलं होतं. ते दारात येईपर्यंत थोरलीने पलीकडच्या कपाटाआडून येऊन भावाला दंडाला धरून बाजूला ओढलं होतं. छुमछुमकाकांनी आत पाहिलं, मोजल्यासारखी मान हलवली, गेले.

घरी आल्यावर ती भुंग्याला रागावली. चूक तिची होती, म्हणून जरा जास्तच रागावली. तुला हाक मारली तरी तू यायचं नाहीस, ती म्हणाली, मी बघत होते तुला जमतं का ते. तुला नाही जमलं. भुंग्याने हे शांतपणे ऐकून घेतलं. भुणभुण थांबवून ऐकलं. आणि कानाला खडा लावला, पाच वर्षांचं मूल लावतं तसा, कायमचा.

त्यानंतर ते दोघं असे तयार झाले की त्यांचीच तिला भीती वाटायला लागली. चारच्या ठोक्याला येत, एकेका कपाटासमोर उभे राहत, तिच्यावरून नजर अशी फिरवत जशी खांबावरून फिरवावी. एकदा थोरलीने तिला विचारलं, “बाई, पाणी कुठे मिळेल?” तिने हाताने दाखवलं. थोरली थँक्यू म्हणून गेली. ते थँक्यू तिला रात्रभर बोचत राहिलं.

पक्ष्यांच्या दालनात निवृत्तीला आलेले एक गृहस्थ बसत. त्यांना सगळं कळलं होतं. ते थोरलीला चित्रं काढायला पाठकोरे कागद देत आणि हिच्याकडे बघताना मुद्दाम घुबडाकडे बघत. बाकी कोणाला काही माहीत नव्हतं. ती खुर्चीवर बसायची, पण बसलेली नसायची. अंग खुर्चीत आणि कान दालनादालनांतून हिंडत. उंच छताखाली आवाज लांबवर जातो. एक वाजल्यापासून ती माशाकडून येणारी भुणभुण ऐकायची. दोन वाजता ती पक्ष्यांकडे सरकायची, तीनला दगडांत शिरून बारीक व्हायची, आणि चारच्या आधी वाढत वाढत तिच्या दाराशी यायची. तिला घड्याळ बघावं लागत नसे. मध्येच लोकांचा गलका झाला, आवाज बुडाला, की तिच्या टाचा आपोआप उचलल्या जायच्या. जीव दिवसभर टांगणीला. त्या देवमाशासारखा, तारांवर.

सोमवारी संग्रहालय बंद. त्या दिवशी ती त्यांना शहरभर फिरवायची. बसमध्ये पहिल्या थांब्याला चढायचं आणि शेवटच्या थांब्याला उतरायचं, मग त्याच बसने परत. बंदरावरची क्रेन कंटेनर उचलते ते बघायचं. अग्निशमन केंद्राच्या आवारात लांबलचक पाइप धुवून वाळत घालतात ते बघायचं. एका मोठ्या दुकानातल्या सरकत्या जिन्यावरून अकरा वेळा वर आणि अकरा वेळा खाली, बाराव्यांदा तिथला रखवालदार म्हणाला की जिना दमला. भुंगा सोमवारी दर दोन मिनिटांनी आई म्हणायचा. काही सांगायचं नसायचं. आई, ती बस. आई, हा खांब. आठवड्याचं साचलेलं तो एका दिवसात ओतून टाकायचा आणि मंगळवारी पुन्हा तिला खांब करायचा.

सुट्टीतला तेविसावा दिवस गुरुवार होता. शनिवारी यादी लागणार होती. तिची तक्रार एकही नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळीच छुमछुमकाका जाता जाता म्हणाले होते की तुमच्या दालनात सहा महिन्यांत एका बशीवर बोटाचा ठसा नाही, हे मी वर सांगितलंय. ती मान खाली घालून हसली होती. नळ ठिबकला होता.

दुपारी कुठल्याशा शिबिराची चाळीस मुलं आली, सगळी पिवळ्या टोप्या घातलेली. टोप्या दालनांतून दाणे सांडावेत तशा पसरल्या. गलका असा की भुणभुणीचा पत्ता लागेना. दोन वाजले, पक्ष्यांकडून काही नाही. अडीच. ती उठून दारापर्यंत गेली, खुर्चीकडे बघितलं, परत येऊन बसली. पुन्हा उठली. बदलीची बाई जेवणाच्या वेळेपुरतीच यायची, ती कधीच येऊन गेली होती. एका पिवळ्या टोपीने कपाटाच्या काचेला जीभ लावली. तिने ती टोपी बाजूला केली, काच पुसली आणि कान तिकडेच. पावणेतीनला टोप्या रांगेत बाहेर गेल्या. इमारत गप्प झाली. आता ऐकू यायला हवं होतं.

काही आलं नाही.

शांततेचे प्रकार असतात. ही फुटल्यानंतरची होती.

झालं होतं ते असं. थोरली पक्ष्यांकडे बगळ्याचा पाय काढत बसली होती. तो पाय काही केल्या बारीक होईना, आणि तिने पाच वेळा खोडला तोवर भाऊ मागे नव्हता. भुंगा माशाकडेच राहिला होता. पिवळ्या टोप्या गेल्यावर तो दोरीखालून शिरून माशाच्या फासळ्यांखाली गेला, नुसतं वर बघायला, कारण गाण्यात माशाच्या पोटात जायचं असं नव्हतं पण जायचं नाही असंही नव्हतं. वर बघत मागे मागे सरकला आणि माहितीच्या लोखंडी पाटीवर आपटला. कपाळ फुटलं. तो रडला नाही. आत पळायचं नाही, ओरडायचं नाही, हे त्याला पाठ होतं.

किल्ल्यांचा आवाज दगडांच्या दालनातून आला. छुमछुमकाका भुंग्याचा हात धरून दारात उभे राहिले. त्याच्या कपाळावर त्यांचा पांढरा रुमाल, रुमालावर लाल ठिपका, ठिपका वाढत होता. ते एकेका दालनात विचारत आले होते. इथेही त्यांनी आवाज चढवून विचारलं, हे मूल कोणाचं. एक म्हातारं जोडपं होतं, दोन कॉलेजातल्या मुली होत्या. सगळ्यांनी माना हलवल्या. म्हातारीने च् च् केलं.

“तुझी आई कुठे आहे, बाळा?” छुमछुमकाका वाकून म्हणाले.

“पाच वाजता असते,” भुंगा म्हणाला.

“आणि आत्ता?”

“आत्ता नसते.”

तो तिच्यासमोर पाच पावलांवर होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि नजर पुढे नेली, निळ्या सुरईवर, अगदी शिकवल्याप्रमाणे. छुमछुमकाकांनी तिलाच विचारलं की बाई, हा रोज दिसतो ना इथे, कोणाबरोबर येतो तुम्ही पाहिलंय का. चार वाजेपर्यंत कोणी आलं नाही तर चौकीवर कळवावं लागेल, असंही ते म्हणाले. नाही म्हणायला ओठ उघडले असते तर काय बाहेर आलं असतं, तिला माहीत नव्हतं. एक तास, तिच्या मनात आलं. एका तासात थोरली काहीतरी करेल. परवा शनिवार.

आणि तिच्या बोटांनी, तिला न विचारता, खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केली.

भुंग्याने ऐकलं. त्याचे खांदे खाली आले. बघतेय म्हणजे ठीक आहे. तो ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसला, सुरईकडेच बघत, आणि रुमालाखाली गुणगुणायला लागला. छुमछुमकाकांच्या हातात हात देऊन, जगात कोणी नसल्यासारखा, निवांत.

ते तिला सोसवलं नाही. रडला असता तर कदाचित ती बसून राहिली असती.

ती उठली. “भुंग्या, ये,” ती म्हणाली.

तो आला नाही. त्याची भुणभुण थांबली. त्याने दारावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“पाच वाजले रे.”

“नाही वाजले,” तो म्हणाला. “छोटा काटा तीनावर आहे.” आणि मग, अनोळखी बाईशी बोलायचं नसतं तरी, अगदी हळू, “तू फसवतेस. त्या दिवशीसारखं.”

छुमछुमकाकांनी आधी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग मुलाकडे. दोघांची हनुवटी एकाच साच्यातली होती; सहा महिने काचेतले ठसे शोधणाऱ्या माणसाला ती आत्ता दिसली. त्यांनी भुंग्याचा हात सोडला.

ती फरशीवर गुडघे टेकून बसली, म्हणजे तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं. “खेळ संपला,” ती म्हणाली. “आता सगळे वाजले. मी आई.”

त्याने पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा कपाळाच्या जखमेपासून खालपर्यंत उकलत गेला आणि तो रडला. त्या दिवसाचं नाही, तेवीस दिवसांचं. नक्षीच्या भांड्यांच्या काचा बारीक थरथरल्या, असं त्या कॉलेजातल्या मुलींपैकी एक नंतर तिकिटवाल्याला सांगत होती.

जिन्याखाली एक छोटी खोली होती. तिथे औषधाची पेटी, एक टेबल आणि हरवलेल्यांची वही. छत्र्या, चष्मे, मुलं, सगळं एकाच वहीत. छुमछुमकाकांनी जखम धुतली, पट्टी लावली, खोल नव्हती. तोवर थोरली धापा टाकत आली, हातात बगळ्याचा कागद, पाय अजून जाडच. दारात थबकली, आईला पाहून बाई म्हणायला निघाली, आणि भाऊ आईच्या कडेवर दिसला म्हणून तशीच उभी राहिली.

वहीत रकाने होते. काय सापडलं, कुठे, कोणी नेलं, नातं. पहिले दोन छुमछुमकाकांनी भरले. मग वही तिच्याकडे फिरवली, कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. किल्ल्यांशिवाय ते लहान दिसत होते.

“शनिवारी ही वही वर जाते,” ते म्हणाले. “वर नातं वाचतात, कपाळ नाही वाचत. शेजारीण लिहिलंत तरी चालेल. ओळखीची लिहा. गर्दी होती, मला नीट ऐकू आलं नाही.”

तिने पेन घेतलं. कोणी नेलं, तिथे आपलं नाव लिहिलं. तिथपर्यंत हात सरळ गेला. पुढच्या रकान्याशी थांबला. शेजारीण. चार अक्षरांचं तर काम. चार अक्षरं लिहिली की तळमजला, अंगण, नळ. मुलांना पत्र्याखाली पुन्हा एक उन्हाळा काढावा लागणार नाही. मुलांसाठीच तर. ती स्वतःला सांगत होती, आणि पेन तिथल्या तिथे कागदाला टोचत होतं, निळा ठिपका मोठा होत होता.

थोरली टेबलाच्या कडेशी आली होती. तिला उलटंही वाचता यायचं. तिने रकान्याचं नाव ओठांनी वाचलं आणि आईच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“लिही ना शेजारीण,” ती म्हणाली. “आम्हाला सवय आहे.”

किती समजूतदारपणे म्हणाली. मोठ्या बाईसारखं, दुसऱ्याच्या अंगावरचं ओझं आपल्याकडे घेत. आईने मान वर केली नाही. त्या निळ्या ठिपक्यावरूनच तिने पेन पुढे ओढलं आणि लिहिलं, आई. दोन अक्षरं. ती रकान्यात मावत होती, तरी तिने ती जरा मोठी लिहिली.

छुमछुमकाकांनी वही आपल्याकडे वळवली, वाचली, शाई वाळेपर्यंत उघडीच ठेवली. मग किल्ल्या कमरेला लावल्या. खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, ते म्हणाले, मी बसतो पाचपर्यंत, तुम्ही जा. आणि पट्टी उद्या बदला. जिन्यावरून त्यांच्या किल्ल्या वर वर जात राहिल्या, नक्षीच्या दालनापर्यंत, आणि तिथे थांबल्या.

शनिवारी यादी लागली. तिच्यात तिचं नाव नव्हतं. महिनाअखेर कामावरून मोकळी झाल्याचा कागद पुढच्या आठवड्यात आला. पण ते पुढचं.

आत्ता साडेतीन वाजले होते आणि ती तिघं संग्रहालयाच्या पायऱ्यांवर, भर उन्हात. या वेळी बाहेर काय असतं, हे त्यांना कोणालाच ठाऊक नव्हतं. रस्ता पांढरा पडला होता. समोर चपला शिवणारा माणूस आपल्या छत्रीच्या सावलीबरोबर सरकत सरकत भिंतीला टेकला होता. घर तापलेलं. वाचनालयात जायचं म्हटलं तर तिथल्या बाईंना विचारण्याचं तोंड नाही. बाग नको. तिचे पाय एका जागी ठरेनात. दोन पायऱ्या उतरायची, थांबायची. भुंग्याने तिचा एक हात धरला होता आणि थोरलीने, जरा विचार करून, दुसरा.

“साडेतीनला काय असतं?” भुंग्याने विचारलं. गाण्यात साडेतीन नव्हतं.

तिने शोधलं. मासा, पक्षी, दगड, नक्षी, सगळ्यांची आपापली जागा ठरलेली. साडेतीनला यमक जुळेना. तिच्या आईच्या जिभेवर काहीही चढायचं, दूध उतू जाईपर्यंत ओळी तयार. हिच्या जिभेवर काही चढलं नाही.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “चला तर.”

बस पकडू, थोरली म्हणाली. कुठली, तर कुठलीही, शेवटच्या थांब्यापर्यंत. आज सोमवार थोडाच आहे, भुंगा म्हणाला. मग बस आलीच, अर्धी रिकामी, आणि ती चढली. खिडकीच्या सीट तापल्या होत्या. भुंगा तिच्या मांडीवर बसला, पट्टीखालून बाहेर बघत. आई, तो खांब. आई, ती पिवळी टोपी. आई, तो माणूस झोपलाय. शेजारच्या सीटवरचा एक जण कंटाळून म्हणाला, किती बोलतंय पोरगं. ती त्याला सॉरी म्हणाली नाही. थोरली पलीकडे बसून कागदावर बगळ्याचा पाय सहाव्यांदा खोडत होती. मध्येच, वर न बघता, काही कारण नसताना, म्हणाली, “आई.”

“काय गं?”

“काही नाही.”